मेहरातली खजुरी

१९६५ साली आमच्या सिदैरा गावात एका झाडावरून दोन व्याह्यांचं बोलणं बंद झालं आणि पुढच्या वर्षीचा फुलोरा येईपर्यंत ते बंदच राहिलं. साल माझ्या पक्कं लक्षात आहे. त्याच्या आदल्याच वर्षी आमचे मसऊदचुलते झांझिबारहून परत आले होते, डोळ्यांवर चष्मा आणि हातात छत्री घेऊन. आमच्या डोंगरात छत्री उघडावी असा पाऊस क्वचितच पडतो, पण त्यांनी ती कधी खाली ठेवली नाही.

मी नासिर बिन हमद यांची थोरली सून. माझे यजमान बहरीनला नोकरीला होते, वर्षातून एकदा येत. त्यामुळे नवरा-बायकोच्या ताटातुटीबद्दल त्या वर्षभर घरात जे बोलणं चालायचं, त्यात माझं मत कुणी विचारलं नाही.

ताटातूट माझ्या नणंदेची झाली. झुवैना तिचं नाव. तिचं लग्न ओढ्यापलीकडच्या सैफ बिन राशिद यांच्या खल्फानशी झालेलं. सासरकडून मेहर म्हणून कापड, चांदीचे वाळे आणि सैफच्या बागेतली एक कोवळी खजुरी तिच्या नावावर झाली होती. खजुरी साधी नव्हती. सैफकडे खुनैझी जातीचं एक जुनं झाड होतं, त्याच्या खजुराची ताटली पुढे आली की आमच्याकडची भांडणं तेवढ्यापुरती थांबत. त्या झाडाच्या बुंध्याशी फुटलेला मुनवा सैफनी स्वतः निवडून लावला होता. "नजर लागते त्याला," असं ते म्हणायचे, म्हणजे पारखायला.

आमच्याकडे शहाणा माणूस बी पेरून खजुरी लावत नाही. बियांतून काय उगवेल, नर की मादी, ते अल्लाला ठाऊक, आणि अल्ला ते पहिली पोय, म्हणजे फुलांचा मिटलेला कोंब, फुटेपर्यंत सांगत नाही. आईच्या पायाशी फुटलेला मुनवा लावला की लेक आईसारखीच निघते. म्हणून सगळे मुनवेच लावतात. आता झालं असं असणार, की कुणीतरी त्या खुनैझीखाली बसून खजूर खाल्ला आणि बी तिथंच थुंकली. ती मुनव्यांच्या गर्दीत रुजली. सैफनी त्यांतलं सगळ्यात जोमदार रोप निवडलं. ते जोमदार होतं, कारण ते त्या आईचा मुनवा नव्हतंच.

त्या वर्षी थंडी सरताना झाडाला पहिली पोय आली. खल्फान गावातला सगळ्यात चांगला चढणारा. साऱ्या गावाच्या खजुरींना पराग लावायचं, वाळक्या झावळ्या काढायचं, घड उतरवायचं काम तोच करायचा. हे झाड इतकं बुटकं होतं की त्याला चढायचीही गरज नव्हती. त्यानं पोय उकलून पाहिली. आत पांढरी दाट फुलं, झटकली की पिठासारखी भुकटी उडणारी, आणि भिजवलेल्या कणकेसारखा वास. त्यानं पोय पुन्हा मिटली, वर फडकं बांधलं आणि घरात कुणाला काही सांगितलं नाही. पण तो वास फडक्यानं झाकण्यातला नव्हता. मधमाश्यांनी गावभर केलं.

मामंजी दुपारच्या नमाजाहून आले ते चपला न काढताच चुलीपर्यंत आले. झुवैना त्या दिवशी माहेरी आली होती, माझ्याबरोबर पीठ मळत होती.

"तुझं झाड नर आहे," मामंजी म्हणाले.

"कळलंय मला, बाबा."

"कधी?"

"तुमच्या आधी."

"मग बोलली का नाहीस?"

"झाड आहे, बाबा. मी काय करणार त्याला?"

"मादी म्हणून नर गळ्यात मारला त्या सैफनं," मामंजी म्हणाले. "मेहर अर्धंच पोचलं. माझी मुलगी त्या घरात पाय ठेवणार नाही. तिथं मादी उभी राहील, तेव्हा जाईल."

झुवैना पीठ मळत राहिली. नंतर पाण्याला जाताना मला म्हणाली, "वहिनी, मी कपड्यांचा एकच जोड आणलाय." संध्याकाळपर्यंत परत जायचं म्हणून ती आली होती.

सैफ तसे सरळ माणूस. त्यांनी दुसरं झाड दिलं असतं तर भांडण त्याच आठवड्यात मिटलं असतं. पण दुसरं झाड द्यायचं म्हणजे पहिलं निवडताना चूक झाली असं कबूल करायचं. त्यांनी वेगळाच पवित्रा घेतला. झाड मादीच आहे, असं ते म्हणू लागले.

"पहिल्या पोयीवरून काय ठरवता?" मशिदीच्या ओट्यावर ते म्हणाले. "लाजरी आहे. नवी नवरी पहिल्या दिवशी तोंड दाखवते का?"

"तोंडाला दाढी दिसली की पुढं बघायची गरज नसते, व्याहीबुवा," मामंजी म्हणाले. दोघांचं त्या वर्षातलं ते शेवटचं बोलणं.

झाड अडून बसलं तर काय करायचं, ते आमच्याकडे ठरलेलं आहे. एकानं कुऱ्हाड घेऊन जायचं आणि तोडतो म्हणायचं. दुसऱ्यानं मध्ये पडून विनवायचं, की एक वर्ष सोड, पुढच्या वर्षी फळ देईल. झाड ऐकत असतं. आळशी खजुरी यानं सुधारल्याची उदाहरणं गावात होती. सैफ कुऱ्हाड घेऊन गेले. बघायला निम्मं गाव ओढ्याकाठी जमलं, मीही मुलाला कडेवर घेऊन गेले.

"तोडतो हिला," सैफ गरजले. "नुसती खाते आणि उभी राहते."

मध्ये पडायचं काम खल्फानचं होतं. तो म्हणाला, "राहू द्या, बाबा. पुढच्या वर्षी नक्की..." आणि पुढचं त्याच्यानं बोलवेना. खजुरींतलं त्याला सगळ्यांपेक्षा जास्त कळत होतं.

"पुढच्या वर्षी काय? बोल की."

"पुढच्या वर्षी बघू," खल्फान म्हणाला.

सैफनी कुऱ्हाड खाली घेतली. खरं तर त्यांना ती चालवताही आली नसती, कारण झाड सुनेच्या मालकीचं. सुनेच्या परवानगीशिवाय त्याची झावळीसुद्धा तोडता येत नाही. झाडाला हे माहीत असावं. ते काही घाबरलेलं दिसलं नाही.

प्रकरण काझी मुहन्नांकडे गेलं. ते गाढवावरून आले, दोघांचं वेगवेगळं ऐकलं, दोघांकडे वेगवेगळं जेवले. मग म्हणाले, "एक म्हणतो नर, एक म्हणतो मादी. पुढच्या फुलोऱ्याला झाडच सांगेल. तोवर शांत राहा." न्याय असा होता की त्यावर कुणाला रागावताही येईना. झुवैनाला वर्षभर माहेरी राहावं लागणार, हे त्यांच्या लक्षात आलं नसावं. तिला कुणी बोलावलंच नव्हतं.

त्या वर्षात खल्फाननं आमच्या बागेची जेवढी सेवा केली तेवढी आधी कधी केली नव्हती. मामंजींना त्याला येऊ नको म्हणता येईना, कारण दुसरा चढणारा म्हणजे म्हातारा ओबैद, आणि तो निम्म्यावर जाऊन झोपायचा. आमच्या अंगणाच्या भिंतीला लागून नगाल जातीची एक उंच खजुरी होती. खल्फान कमरेला दोर लावून तिच्यावर चढायचा. झुवैना खाली सूप घेऊन गहू पाखडायला बसायची. पाखडलेला गहू ती पुन्हा पाखडायची.

"खोकला गेला का?" वरून आवाज यायचा.

"कुणाचा?"

"तुझा. परवा खोकत होतीस."

"तो वहिनीच्या बाळाचा. आईंचे गुडघे कसे आहेत?"

"तुझी आठवण काढतात."

"गुडघे?"

"आईच. आणि आणखी एकजण."

मग वरून एखादी हिरवी झावळी पडायची, जी पाडायचं काहीच कारण नव्हतं. एकदा मामंजी अंगणात आले, मान वर करून बघत राहिले आणि म्हणाले, "त्या झाडाला आणखी भादरलंस तर सर्दी होईल त्याला."

"उतरतोच आहे, मामा," खल्फान म्हणाला, आणि तिसऱ्या प्रहराची, असरची बांग होईपर्यंत उतरला नाही.

गव्हाच्या कापणीला मसऊदचुलत्यांनी आम्हाला ज्ञान दिलं. झांझिबारच्या शाळेत ते वनस्पतींबद्दल शिकले होते. बांधावर छत्री टेकून, गव्हाची एक लोंबी हातात धरून ते म्हणाले, "हे बघा. याच्या एकाच फुलात नरही असतो आणि मादीही. फूल उघडायच्या आतच सगळं उरकतं. बाहेरचं कुणी लागत नाही. ना वारा, ना माशी, ना माणूस."

"म्हणजे घरच्या घरी?" गसीनाम्हातारीनं विचारलं. ती विधवा, तीन खजुरींवर जगणारी.

"घरच्या घरी. दार बंद करून."

"बरं आहे की. सासू नाही, सासरा नाही, काझी नाही."

"आणि खजुरीचं उलटं," चुलते म्हणाले. "नर एका झाडावर, मादी दुसऱ्यावर. मध्ये कुणीतरी नेऊन पोचवणारं पाहिजे. नाहीतर दोघंही उभीच राहतात."

झुवैना पेंढ्या बांधत होती. मामंजींनी चुलत्यांच्या हातातली लोंबी घेतली, चोळली, दाणे तोंडात टाकले आणि म्हणाले, "कापा लवकर. ऊन चढलं."

ऑक्टोबरात डोंगरात कुठेतरी जोराचा पाऊस झाला आणि ओढा आला. आमच्याकडे पूर येतो म्हणत नाहीत, ओढा आला म्हणतात, पाहुणा आल्यासारखं. या खेपेला जाताना तो मशिदीजवळचा जुना नर घेऊन गेला. गावात तो एकच मोठा नर होता. सगळे त्याच्याच परागावर आपल्या खजुरी फळवायचे. एरवी पन्नास माद्यांमागे एक नर पुरतो, म्हणून कुणी जास्त ठेवत नाही, पाणी पिऊन फळ न देणारं झाड कोण पोसणार? त्या दिवशी लोक काठावर उभे राहून रिकाम्या खड्ड्याकडे बघत होते. खालच्या गावाकडे नर होते, पण पाटाच्या पाण्यावरून त्यांच्याशी आमचं माझ्या लग्नाच्या आधीपासून बोलणं नव्हतं.

मग हळूहळू सगळ्यांच्या माना सैफच्या बागेकडे वळल्या.

जानेवारीत झुवैनाच्या झाडाला पोया आल्या. मागच्या वर्षी एक आली होती, यंदा झाड भरलं. आखूड, रुंद, फुगलेल्या पोया. आंधळ्यानंही हात लावून नर म्हटलं असतं. सैफ सोडून सगळ्या गावानं म्हटलंही.

परागाचा आमच्या गावचा रिवाज असा आहे. तो विकायचा नाही. मागायला आलेल्याला नाही म्हणायचं नाही. आणि मागणाऱ्यानं मालकाच्याच हातून घ्यायचा, झाडाखाली उभं राहून. न विचारता घेतलेल्या परागाचं फळ घशाखाली उतरत नाही म्हणतात. कुणी खाऊन पाहिलेलं नाही.

पहिली गसीनाम्हातारी आली. तिच्या तीनपैकी एका खजुरीची पोय तडकली होती. मादीची पोय उघडली की चार-पाच दिवसांत पराग लागावा लागतो, नाहीतर फुलं म्हातारी होतात. पराग न लागलेल्या घडाला फळ धरतं, पण बारीक, बिनबियांचं, तुरट, बकऱ्यांना घालण्याजोगं.

"झुवैना, पोरी, पराग पाहिजे."

"घ्या की, मावशी. चला."

मामंजी कॉफी पीत बसले होते. "कुठं चला?"

"झाडाखाली, बाबा. माझ्या हातून द्यायला हवा."

"खल्फानला सांग इथं आणून दे म्हणून."

"नासिर," गसीना म्हणाली, "तुझा आजा माझ्या बापाच्या नराखाली अनवाणी उभा राहायचा. त्यानं नाही कधी घरी मागवला. मी कालच्या पोरीसारखी तुझ्या अंगणात घेऊ होय पराग?"

झुवैनानं बुरखा डोक्यावर ओढला आणि म्हातारीबरोबर ओढा ओलांडून गेली. परत आली ती जेवणवेळ टळल्यावर, हाताला पिठासारखी भुकटी लागलेली. दुसऱ्या दिवशी आणखी दोन घरं आली. मग रोजच कुणी ना कुणी. झाड लहान, पराग थोडका, म्हणून झुवैना नराच्या तुऱ्यातल्या फुलांच्या काड्या मोजून मापून द्यायची, एका घडाला जेमतेम दोन. खल्फान त्या घेऊन चढायचा, मादीच्या तुऱ्यात उलट्या खोवायचा, वरून झावळीचं पातं बांधायचा. पुन्हा खाली येऊन तिच्यासमोर ओंजळ करायचा. रिवाजच तो. इतक्या ठिकाणी चढायचं म्हणजे कितीदा ओंजळ करावी लागते, ते सगळं गाव बघत होतं आणि कुणी काही म्हणत नव्हतं. झुवैना आता दुपारचं तिकडेच जेवू लागली. "एवढ्यासाठी ओढा दोनदा कशाला ओलांडू?" असं मला म्हणाली.

मग सैफच्या खुनैझीची पोय उघडली.

ते आमच्या दारात आले तेव्हा सकाळ होती. मी कॉफी दिली. त्यांनी पेला हातात घेतला आणि न पिता समोर ठेवला. आमच्याकडे पाहुण्यानं कॉफी अशी ठेवली की त्याला काहीतरी मागायचं असतं, आणि मिळाल्याशिवाय तो पीत नाही. मामंजींनी पेल्याकडे पाहिलं. मिशीला हात लावला. वर्षभराच्या उपासानंतर त्यांच्या पुढ्यात ताट आलं होतं.

"कॉफी गार होतेय, व्याहीबुवा."

"सूनबाईशी बोलायचंय."

झुवैना पुढे आली.

"पराग पाहिजे, मुली," सैफ म्हणाले. "खुनैझीला."

"कुठल्या झाडाचा?" मामंजींनी विचारलं. "तुमच्याकडं तर नर नाही. एक लाजरी आहे म्हणतात."

सैफनी समोरचा पेला बोटानं जरासा फिरवला. "नर आहे," ते म्हणाले. "मी निवडताना चुकलो. बी रुजलेली होती."

"घ्या, मामंजी," झुवैना सैफना म्हणाली. "तुमचं झाड उघडलंय तर आजच जाऊ." सैफनी गार कॉफी एका घोटात संपवली. मी त्यांना दुसरी गरम दिली. ती बिचाऱ्यांनी शांतपणे प्यायली.

आता एकट्या मामंजींचं राहिलं. आमच्या नगाल जातीच्या खजुरी गावात सगळ्यात आधी फुलतात, आणि त्यांच्या पोया गसीनाच्याही आधी तडकायला लागल्या होत्या. पहिल्या तर वाळूनही चालल्या होत्या. पण मामंजी मागायला जाईनात. का, ते मला चुलीपाशी बसून कळत होतं. तिच्या झाडाचा पराग मागायचा म्हणजे ते झाड तिचं म्हणून मान्य करायचं. झाड तिचं म्हटलं की मेहर पोचलं. मेहर पोचलं की मुलगी सासरी.

"वारा आहे," ते म्हणाले. "वाराही अल्लाचाच. सगळ्यांना पोचवतो तसा मलाही पोचवील."

मसऊदचुलत्यांनी थुंकीनं बोट ओलं करून वर धरलं. "वारा इकडून तिकडं आहे, नासिर. तुझ्या बागेतून सैफकडं."

"बदलेल."

"बदलेल. पण पोयांना ते माहीत नाही."

झुवैना रोज संध्याकाळी परत येत होती. बापाच्या पुढ्यात भाकरी ठेवायची, काही बोलायची नाही. तिनं एकदा जरी म्हटलं असतं, बाबा, घ्या ना, तर त्यांनी घेतला असता असं मला वाटायचं. पण मागायला मागणाऱ्यानंच यावं लागतं, हाही रिवाजच.

एका संध्याकाळी मी ताटात शेवटच्या मडक्यातला खजूर वाढला आणि म्हटलं, "मामंजी, यंदा बकऱ्यांचं वर्ष चांगलं दिसतंय."

त्यांनी हात थांबवला. "बकऱ्यांचं?"

"पोटभर खातील. आपण त्यांचं दूध पिऊ."

त्यांनी जेवण संपवलं. सकाळी फेटा नवा बांधला, काठी घेतली आणि ओढ्याकडे निघाले. मी मुलाला कडेवर घेऊन मागून गेले. अशा वेळी घरात राहणारी मी नाही.

झाडाखाली झुवैना बसली होती, मांडीवर परागाच्या काड्यांचं फडकं. खल्फान शेजारच्या झाडावर होता, त्यानं हात थांबवले. सैफ पाटाशी काहीतरी करत होते, तेही थांबले. मामंजी झाडाखाली येऊन उभे राहिले. चपला काढल्या.

"पराग पाहिजे," ते म्हणाले.

"कुणाच्या झाडाचा, बाबा?"

"तुझ्या."

"कुठलं माझं?"

वरून एक झावळी खाली पडली. मामंजींनी वर पाहिलं, मग लेकीकडे.

"मेहरातलं," ते म्हणाले.

तिनं फडक्यातल्या उरलेल्या सगळ्या काड्या त्यांच्या ओंजळीत ठेवल्या. काही खास त्यांच्यासाठीच सावलीत वाळवून ठेवलेल्या होत्या, ते मला दिसलं, त्यांना नाही. खल्फान दोर घेऊन उतरला आणि सासऱ्याबरोबर आमच्या बागेत आला. झुवैना मागे तिथंच राहिली. संध्याकाळी तिचा कपड्यांचा जोड मी घडी करून पाठवून दिला.

काही दिवसांनी काझी मुहन्ना ठरल्याप्रमाणे निकाल द्यायला आले. प्रकरण मिटलं असं त्यांना सांगितलं. "झाडानं काय सांगितलं?" त्यांनी विचारलं. मामंजी म्हणाले, "नर आहे, पण गुणी आहे." काझींनी मान डोलावली, या खेपेला दोघांबरोबर एकत्र जेवले आणि मला वाटतं त्यांना ते दोनदा जेवण्यापेक्षा कमीच पडलं.

त्या परागाचा खजूर नेहमीपेक्षा आठवडाभर आधी पिकला. पराग बदलला की तसं होतं म्हणतात. आमच्या पहिल्या वाळलेल्या पोयांचं फळ मात्र बकऱ्यांना गेलं. मामंजींनी त्या घडांचा उल्लेख पुन्हा केला नाही.

सैफ पुढची आठ-नऊ वर्षं जगले. त्यांनी आणखी एकही मुनवा स्वतः निवडला नाही, खल्फानला निवडायला लावून मागं उभे राहायचे. मामंजी त्यांच्यामागून दोन हिवाळ्यांनी गेले. शेवटच्या आजारात त्यांना खुनैझीचाच खजूर लागायचा. गसीना किती वर्षांची होऊन गेली ते तिलाही माहीत नव्हतं. तिच्या तीन खजुरी मशिदीला गेल्या. काझी मुहन्नांची बदली किनाऱ्याकडे झाली, तिथं खटले मासळीवरून असतात असं ऐकलं. मसऊदचुलत्यांना पुढं नवी शाळा निघाल्यावर शिकवायला घेतलं. गावातल्या पोरांना गव्हाची गोष्ट तेवढी पाठ आहे. त्यांची छत्री आमच्याच घरी आहे, अजून उघडलेली नाही.

माझे यजमान एकाहत्तर साली बहरीनहून कायमचे परत आले. मी त्यांना हे सगळं सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, एवढ्या झाडासाठी? मी खुनैझीच्या खजुराची ताटली त्यांच्यापुढं सरकवली.

खल्फान साठीपर्यंत चढत होता. मग गुडघे गेले, आईसारखेच. गेल्या साली तो वारला. झुवैनाला सात मुलं झाली. ती आता माझ्यापेक्षा जास्त वाकली आहे, पण फुलोऱ्याच्या दिवसांत सकाळीच त्या झाडाखाली चटई टाकून बसते. झाड फार उंच झालंय आणि चढायला आता तिचा नातू जातो. तो खाली येऊन तिच्या हातात पोय देतो, ती काड्या सोडवून मागणाऱ्याला देते. मागायला खालच्या गावचेही येतात. पाण्याचं भांडण अजून आहे.